माळ्यावरची हस्तलिखितं खाली काढा : आमच्या शाळेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
आमची शाळा, जिल्हा जळगाव.

विषय : शाळेचं हस्तलिखित, शनिवारचा लेखनाचा तास आणि ग्रंथालयाची खोली बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी. २०२३ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली, आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. माझा धाकटा भाऊ आपल्याच शाळेत आठवीत शिकतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लागलेली सूचना त्याने वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणली आणि रात्री जेवताना मला वाचून दाखवली. त्या सूचनेत तीन गोष्टी होत्या. हस्तलिखित, म्हणजे मुलांनी हाताने लिहून काढायचा शाळेचा वार्षिक अंक, या वर्षापासून बंद, त्याऐवजी छापील रंगीत वार्षिकांक निघेल. शनिवारचा लेखनाचा तास फाउंडेशनच्या, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांच्या पूर्वतयारीच्या, वर्गाला दिला जाईल. आणि त्याच वर्गासाठी ग्रंथालयाची खोली रिकामी केली जाईल.

मी कार्यालयात दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा तोंडी विचारलं. दुसऱ्यांदा ३१ माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक मागितला. तो मिळाला नाही. 'मीटिंगमध्ये ठेवू,' असं सांगण्यात आलं. त्यानंतर दोन मीटिंगा झाल्या, पण अर्ज काही समोर आला नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. पालकांनी वाचावं, माझ्या आधीच्या आणि नंतरच्या मुलामुलींनी वाचावं, आणि आपणही शांतपणे वाचावं. मला कुणाविषयी वाईट बोलायचं नाही. आठवीत आमची केळी वादळात आडवी झाली तेव्हा आपल्यापैकी दोघांनी माझी फी भरली होती. ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

यात माझा जीव का अडकला आहे, ते आधी सांगते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. परीक्षा झालीच नाही. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांकडे, कारण केळीचे भाव त्यावर यायचे. मोठ्या चुलत बहिणीचा ऑनलाइन वर्गही त्याच फोनवर. मला उरली वडिलांची जुनी हिशोबाची वही. लांबडी, लाल कापडी बांधणीची. पुढच्या पानांवर मजुरी, खत, कापणीच्या तारखा, आणि मागची शंभरेक पानं कोरी. त्या कोऱ्या पानांवर मी कादंबरी लिहायला घेतली.

सावद्याच्या स्टेशनातून केळी भरून दिल्लीला गाडी जाते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या कादंबरीतली मुलगी त्या गाडीच्या वॅगनमध्ये लपून दिल्लीला निघते. रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, अशी पुढची स्टेशनं मी वडिलांना विचारून विचारून घातली. ४३ पानं झाली. गाडी दिल्लीला पोचली आणि माझं लिहिणं थांबलं, कारण दिल्लीत उतरल्यावर समोर काय दिसतं, हेच मला माहीत नव्हतं. ४४ वं पान आजही कोरं आहे.

त्या काळातली एक गोष्ट मला अजून टोचते. ती ४३ पानं दीड वर्ष कुणीही वाचली नाहीत. आईला वाटायचं मी अभ्यास करते आहे. मैत्रिणी आपापल्या गावात होत्या. मला बक्षीस नको होतं, कौतुकही नको होतं. कुणीतरी ती पानं वाचावीत, एवढंच हवं होतं. तेरा-चौदाव्या वर्षी माणूस किती गोष्टी मनात धरून बसतो आणि त्या कुणापुढे ठेवाव्यात हे त्याला किती कळत नाही, हे मोठं झाल्यावर आपण विसरतो. मी अजून विसरलेली नाही, म्हणूनच हे आत्ता लिहिणं मला गरजेचं वाटतं.

नववीत शाळा सुरू झाली. शनिवारच्या लेखनाच्या तासाला मराठीच्या बाईंनी विचारलं, "घरी बसून कुणी काही लिहिलंय का? गृहपाठ सोडून." मी पुढच्या शनिवारी ती लाल वही दप्तरात घालून नेली. बाईंनी ती आठवडाभर ठेवून घेतली. परत दिली तेव्हा मी धडधडत्या छातीने सगळी पानं चाळली. कुठेही लाल शाई नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ढिगाने होत्या, एकीलाही गोल केलेला नव्हता. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने एकच ओळ होती : 'वॅगनमध्ये ती काय खाते?'

मी त्या ओळीकडे किती वेळ बघत राहिले. गाडीत भरतात ती केळी कच्ची असतात, हिरवीगार, टणक, चीक गळणारी. ती खाता येत नाहीत. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीला हे ठाऊक होतं. तरीही मी माझ्या नायिकेला तीन दिवस केळीच्या ढिगाऱ्यावर बसवून ती उपाशी आहे याचा विचारही केला नव्हता. त्या रात्री मी तिच्यासाठी भाकरीचं फडकं लिहिलं, मग ते फडकं कुणी बांधून दिलं हे लिहिलं, मग तिची आजी लिहिली. दिल्ली बाजूलाच राहिली. पुढचं सगळं लिहिणं त्या आजीपासून सुरू झालं.

आपण जो तास बंद केलात, त्यात हे व्हायचं. आणि जे हस्तलिखित बंद केलंत, त्यात हे सगळं येऊन पोचायचं. शाळेत आमचं लिहिलेलं प्रत्येक अक्षर कुणीतरी गुण देण्यासाठी वाचतं. गुण न देता वाचणारं माणूस आम्हाला फक्त तिथे भेटत होतं.

आपल्यापैकी काहींना हस्तलिखित म्हणजे सुंदर अक्षरांचा आणि वेलबुट्टीचा एक अंक, एवढंच वाटत असेल. २६ जानेवारीला पाहुण्यांच्या हातात दिला, फोटो काढला, संपलं. त्यामागे काय चालायचं ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीआधी बाई फलकावर लिहायच्या : 'साहित्य आणा.' पहिल्या आठवड्यात कुणीच काही आणायचं नाही. मग कुणीतरी चार ओळींची कविता घडी घालून बाईंच्या टेबलावर ठेवून पळायचं. मग ढीग यायचा. नववी-दहावीतल्या पाच जणांचं संपादक मंडळ तो ढीग वाचायचं आणि ज्याचं त्याला समोर बसवून विचारायचं : हा शेवट असाच हवा का? ही कविता तुझी की कुठून उतरवलीस? ज्याचं लेखन घेता आलं नाही, त्याला का नाही हे तोंडावर सांगायचं, असा बाईंचा नियम होता. चौदा वर्षांच्या मुलीने तेरा वर्षांच्या मुलाला न दुखवता सांगायचं की तुझी गोष्ट अजून झाली नाही, पुन्हा लिही. हे आम्हाला दुसऱ्या कुठल्याही तासाला शिकवलं गेलं नाही.

मग अक्षरवाले बसायचे. पेन्सिलीने रेघा, त्यावर शाईपेन, चुकलं तर अख्खं पान पुन्हा. चित्रवाले वेगळे. अनुक्रमणिका शेवटी. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा आमची १९ पानं लिहायची राहिली होती. आम्ही ती गावागावात वाटून घेतली. एक मुलगा सायकलवर तीन गावं फिरून लिहिलेली पानं गोळा करून आणायचा. बाजारपेठेतल्या बाइंडरकाकांनी कापडी पाठ लावून अंक बांधून दिला आणि पैसे निम्मेच घेतले. कागद, शाई, रंग आणि बांधणी मिळून त्या वर्षीचा खर्च ६४० रुपये झाला होता. हिशोब माझ्याकडेच होता, म्हणून आकडा लक्षात आहे.

त्या अंकात माझी 'भाकरीचं फडकं' ही गोष्ट होती. पुढच्या वर्षी मी दुसरंच काही घेतलं : आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या. आमचं जातं कधीच बंद झालं होतं. आजीला नुसतं बसून ओवी आठवायची नाही, हात फिरायला लागायचा. मग ती परातीत ज्वारी घेऊन निवडायची आणि मी बाजूला वही घेऊन बसायची. "काय लिहू राहिली वं एवढं?" असं विचारायची आणि हसायची. मी ११२ ओव्या लिहून घेतल्या. आजी २०२४ च्या पावसाळ्यात गेली. त्या ११२ ओव्या आता माझ्या वहीत आणि २०२३ च्या हस्तलिखिताच्या अकरा पानांत आहेत, तिसरीकडे कुठेही नाहीत. ते हस्तलिखित सध्या कुठे आहे, ते पुढे सांगते.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते. काही मोठ्या आहेत, काही लहान.

पहिली, निवडीची. छापील वार्षिकांकात प्रत्येक वर्गातल्या पहिल्या पाच क्रमांकांच्या विद्यार्थ्यांचं लेखन घेतलं जाईल, असं सूचनेत आहे. आमच्या वर्गात सगळ्यांत चांगलं लिहिणारा मुलगा गणितात दोनदा नापास झाला होता. वडील ट्रकवर, आई दुसऱ्यांच्या शेतात. तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि सहसा तोंड उघडायचा नाही. त्याने ट्रकच्या केबिनमध्ये काढलेल्या एका रात्रीवर सहा पानं लिहिली होती. ती वाचून झाल्यावर संपादक मंडळातलं कुणी बराच वेळ बोललं नाही. त्या वर्षापासून वर्गातली मुलं त्याला नावाने हाक मारायला लागली, त्याआधी त्याला एका टोपणनावाने चिडवायची. नव्या नियमाने त्या सहा पानांना जागाच नाही. परीक्षेत पहिल्या पाचांत येणाऱ्यांना शाळेत बोलायच्या जागा आधीच पुष्कळ आहेत : फलक, प्रार्थना, सत्कार, बातमी. ज्याला एकच जागा होती, त्याची ती आपण काढून घेतलीत. मला हा सगळ्यांत मोठा अन्याय वाटतो.

दुसरी, भाषेची. सूचनेच्या शेवटी 'मजकूर प्रमाणभाषेत असावा' असं वाक्य आहे. आमच्याकडे घरात लेवा बोली बोलतात, काहींकडे अहिराणी, तापीच्या वरच्या बाजूला तडवी आणि पावरा मुलं आहेत, त्यांची बोली आणखी वेगळी. प्रमाण मराठी आम्ही शिकतो, शिकायलाच हवी, परीक्षेत तीच लिहितो. पण माझी गोष्टीतली आजी 'मला जाऊ दे' म्हणाली तर ती माझी आजी राहत नाही. ती 'मले जाऊ दे' असंच म्हणते. आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने स्वागत केलं होतं. बहिणाबाईंनी कोणत्या भाषेत गायलं, त्यांचं जन्मगाव आसोदं आपल्यापासून किती जवळ आहे, हे मी सांगायला नको.

त्यांच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट मला आजीच्या ओव्या लिहिताना रोज आठवायची. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात होत्या आणि घरातल्या माणसांनी, मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ते वेळोवेळी उतरवून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. घरात कुणाच्या हातात वही नसती तर त्या कविता त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. आमच्या गावांत आजही अशा आज्या आहेत. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसणारं मूल हवं असेल, तर त्या मुलाला 'तुझ्या आजीची भाषा चालणार नाही' असं आपण सांगून चालणार नाही.

तिसरी तक्रार एका कापलेल्या पानाची आहे. ती लिहिताना माझा हात जड होतो आहे. या वर्षीच्या जानेवारीच्या हस्तलिखितात ६१ आणि ६२ क्रमांकाचं पान ब्लेडने कापलेलं आहे. मी स्वतः पाहिलं. अनुक्रमणिकेत त्या पानावर सातवीतल्या एका मुलीची कविता आहे. कविता मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसण्याबद्दल होती, हे तिच्या वर्गातली सगळी मुलं सांगतात. पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होऊ नये म्हणून आदल्या दिवशी पान काढलं गेलं. त्या मुलीला कुणी काही सांगितलं नाही. २६ जानेवारीला ती आईला घेऊन आली होती. आपलं पान दाखवायला तिने अंक उघडला, तेव्हा तिला कळलं.

मी नेमानं वाचणारी आहे, म्हणून एक कायद्याची गोष्ट मांडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा ते सांगितलं आहे. मूल भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी, असं त्यात आहे. सातवीतल्या मुलीने कडीबद्दल कविता लिहिली, यापेक्षा मोकळं मत कोणतं? त्यानंतर तिने काही लिहिलेलं नाही, असं माझा भाऊ सांगतो. कडी मात्र मार्चमध्ये बसवली गेली. तिच्या कवितेमुळेच बसवली गेली असं मला वाटतं, आणि निदान हे तरी तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

चौथी, ग्रंथालयाची. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. आपल्या शाळेत पाचवीपासूनचे वर्ग आहेत, त्यामुळे आठवीपर्यंतच्या मुलांना हे लागू आहे. आज ती पुस्तकं जिन्याखालच्या दोन कपाटांत आहेत आणि कपाटांना कुलूप आहे. 'किशोर' मासिकाचे बांधीव खंड, बालभारतीने १९७१ पासून काढलेलं मासिक, ज्यातून मी पहिल्यांदा माझ्या वयाच्या मुलांचं लेखन छापलेलं पाहिलं, तेही त्याच कपाटात. किल्ली कुणाकडे आहे ते मला तीन जणांनी तीन वेगळं सांगितलं.

पाचवी, त्या माळ्याची. आपल्या शाळेचं पहिलं हस्तलिखित २६ जानेवारी १९७५ चं. २०२१ चं वर्ष सोडलं तर दरवर्षी एक, म्हणजे आजवर ५० अंक. ग्रंथालयाच्या खोलीत काचेच्या कपाटात ते ओळीने असायचे. माझ्या वडिलांची आठवीतली कविता १९८९ च्या अंकात आहे. विषय पाऊस. मी सहावीत असताना ती शोधून काढली आणि घरी जाऊन म्हणून दाखवली, तेव्हा वडील उठून बाहेर गेले होते. मागच्या महिन्यात मी विचारत विचारत गेले. ते अंक प्रयोगशाळेच्या माळ्यावर तीन पोत्यांत भरून ठेवले आहेत. मी शिडी लावून वर चढले आणि मोजले. ४७ भरले. तीन नाहीत. १९८९ चा अंक आहे, त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे. २०२३ चा अंक सापडला, आजीची अकरा पानं शाबूत आहेत, पण माळ्याला गळती आहे आणि श्रावण अजून जायचा आहे.

आपली बाजू मी ऐकली आहे, आणि ती पूर्ण चुकीची आहे असं मला वाटत नाही.

पालकांना फाउंडेशन वर्ग हवा आहे, हे खरं आहे. माझ्या वडिलांनाही भावासाठी तो हवा आहे. तालुक्याच्या ठिकाणी खासगी क्लासची फी परवडत नाही, शाळेतच सोय झाली तर चांगलंच. माझं म्हणणं एवढंच की आठवड्याच्या सगळ्या तासांतून नेमका हाच तास का? चाळीस मिनिटं आहेत ती. बरं, निकालाचाच विचार करायचा तर दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, बातमी, कथा, आत्मकथन, सगळं स्वतःच्या मनाने लिहायचं. आमच्या तुकडीत शनिवारचा तास मनापासून करणाऱ्या मुलांनी त्या भागासाठी वेगळी तयारी केली नव्हती. गुणांसाठी लिहा असं मी कधी म्हणणार नाही, पण आपल्याला निकालाची काळजी असेल तर हा तास तिच्या आड येत नाही.

दुसरं कारण असं ऐकलं की आता मोबाइलवर सांगितलं की निबंध लिहून मिळतो, मग मुलांनी लिहायला वेळ का घालवायचा? निबंध मिळतो, मी पाहिलं आहे. भावाचे मित्र 'माझा आवडता ऋतू' असाच आणतात. पण माझ्या दहावीतल्या गोष्टीचं उदाहरण घ्या. माझ्या चुलत बहिणीचं शिक्षण दहावीनंतर थांबलं, कारण तालुक्याच्या कॉलेजची वेळ सकाळी साडेसातची आणि आमच्या फाट्यावर पहिली एसटी आठला. घरात सगळे म्हणायचे, 'तिलाच पुढे शिकायचं नव्हतं.' मीही तसंच मानत होते. गोष्ट लिहायला बसले आणि तिसऱ्या पानावर मला ती फाट्यावर उभी दिसली, दप्तर घेऊन, तीन दिवस लागोपाठ. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि विसरले होते. लिहिता लिहिता मला कळलं की तिला शिकायचं होतं. मी ती गोष्ट तिला वाचून दाखवली आणि ती रडली. आता ती मुक्त विद्यापीठातून बारावीनंतरचं शिक्षण घ्यायच्या तयारीत आहे, बाहेरून बारावी दिली तिने. मोबाइलला मी काय सांगितलं असतं? मला जे आठवतच नव्हतं, ते मी त्याला कुठून सांगणार होते?

तिसरं कारण खर्चाचं. छापील रंगीत अंकाचं अंदाजपत्रक मला माहीत नाही. हस्तलिखिताचं मी वर दिलं आहे.

सभागृहात तीन तसबिरी आहेत. बहिणाबाईंची एक. दुसरी बालकवींची. धरणगावचा हा मुलगा १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या पहिल्या मराठी कविसंमेलनात उभा राहिला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. वयाने मोठ्या माणसांनी एका पोराला मंचावर जागा दिली आणि त्याचं ऐकून घेतलं, मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं. तिसरी तसबीर साने गुरुजींची. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत. रोज. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. आपण शाळेच्या मुलांना घेऊन ग्रंथदिंडीत गेला होतात. मीही एसटीने गेले होते, आणि आपल्या मुलांच्या हातातली पालखी पाहून रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा शाळेत पेढे वाटले गेले, भावाने माझ्यासाठी अर्धा ठेवला होता. आपलं भाषेवरचं प्रेम खरं आहे, हे मी पाहिलं आहे. त्या प्रेमावर भरवसा ठेवूनच मागण्या मांडते.

१. माळ्यावरची ४७ हस्तलिखितं खाली काढून कोरड्या, बंद कपाटात ठेवावीत. त्यांची वर्षवार यादी करून फलकावर लावावी. हरवलेले तीन अंक कुणाकडे आहेत का, याची माजी विद्यार्थ्यांमध्ये चौकशी करावी.

२. हस्तलिखित बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा आणि येत्या २६ जानेवारीला ५१ वा अंक निघावा. छापील वार्षिकांक आपल्याला काढायचा असेल तर जरूर काढा, दोन्ही निघू शकतात.

३. लेखनाचा तास शनिवारी शक्य नसेल तर आठवड्यात दुसऱ्या कुठल्याही दिवशी द्यावा. चाळीस मिनिटं पुरतील. त्या तासाला गुण, ग्रेड, स्पर्धा यांपैकी काही नसावं.

४. लेखन निवडताना परीक्षेतला क्रमांक पाहू नये. प्रमाणभाषेची अट काढावी.

५. कुणाचंही लेखन वगळायचं असेल तर ते आधी त्या मुलाला समोर बसवून सांगावं, कारणासह. बांधून झालेल्या अंकातलं पान पुन्हा कधी कापलं जाणार नाही, असं लेखी द्यावं.

६. सातवीतल्या, म्हणजे आता आठवीतल्या त्या मुलीला तिची कविता पुन्हा लिहून देण्याची विनंती शाळेने करावी. तिने दिली तर ती ५१ व्या अंकात घ्यावी. नाही दिली तर तिला आग्रह करू नये.

७. ग्रंथालयासाठी खोली द्यावी. जुनीच हवी असा हट्ट नाही. मुलांना स्वतःच्या हाताने पुस्तक काढता येईल अशी खोली हवी, आणि तिची किल्ली कुणाकडे आहे हे दारावर लिहिलेलं असावं.

यातली पहिली मागणी थांबू शकत नाही, कारण माळा गळतो आहे. म्हणून कळवते की आम्ही १४ माजी विद्यार्थी येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेत येणार आहोत. सुती फडकी, मऊ ब्रश, जुनी वर्तमानपत्रं आणि शिडी आम्ही आणू. बाजारपेठेतले बाइंडरकाका आता थकले आहेत, पण त्यांचा मुलगा येणार आहे. खाल्लेल्या कोपऱ्यांना तो कागद लावून देईल, पैसे घेणार नाही असं म्हणाला आहे. आपण प्रयोगशाळेची किल्ली शिपाईमामांकडे ठेवावी आणि अंक ठेवायला एक कपाट रिकामं करून द्यावं, एवढी विनंती. आपल्यापैकी कुणी आलं तर १९७५ चा पहिला अंक आम्ही आधी आपल्याच हातात देऊ.

आपली नम्र,
२०२३ च्या दहावीच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी